बल्गेरियाची पाखरं, शिवडीचा चिखल

मे महिन्याच्या उत्तरार्धात बल्गेरिया आणि रुमानियातल्या पक्षीनिरीक्षण सहलींचा हंगाम भरात येतो. इंग्लंड, हॉलंड, जर्मनीतले हौशी लोक मार्गदर्शकाबरोबर गाडीत बसतात आणि ठरलेल्या वाटेने फिरतात. आधी रोडोपी पर्वतातली ट्रिग्राडची घळ, मग माजारोवोच्या कड्यांवरची गिधाडं, त्यानंतर काळ्या समुद्राकाठची दुरांकुलाक आणि शाब्ला ही सरोवरं, आणि शेवटी डॅन्यूबचा त्रिभुज प्रदेश. हा प्रदेश 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पाहुण्यांच्या हातातल्या यादीत तीन नावं मात्र हमखास असतात: गुलाबी अंगाची भोरडी, काळ्या डोक्याचा भारीट आणि वेतात लपून गाणारा, भातशेतीत आढळणारा छोटा वटवट्या. पश्चिम युरोपात हे पक्षी क्वचितच दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढा खटाटोप.

आता हीच यादी सोलापूर किंवा साताऱ्याकडच्या शेतकऱ्यापुढे ठेवा. भोरडीचं नाव काढताच तो गोफण शोधेल. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर थव्यांनी उतरणारी भोरडी त्याला चांगलीच ठाऊक आहे. तिला पळसमैनाही म्हणतात. काळ्या डोक्याचे भारीटही हिवाळाभर ज्वारी-बाजरीच्या रानात असतात. वटवट्या पाणथळीतल्या गवतात आणि भाताच्या खाचरांत दडलेला असतो. बाल्कनच्या मार्गदर्शकाने ज्या पक्ष्यांवर दुर्बीण रोखलेली असते, ते वर्षातले बरेच महिने आपल्याकडे काढतात. भोरडी तर जुलै-ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत इथेच असते. तिकडे ती फक्त पिल्लं काढण्यापुरती जाते.

आफ्रिका जवळ असताना भारत का?

दक्षिण-पूर्व युरोपातले बहुतेक स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. करकोचे आणि गरुड बॉस्फरसवरून, इस्रायलमार्गे नाईलच्या खोऱ्यात उतरतात. त्याच आकाशातून निघालेला काळ्या डोक्याचा भारीट मात्र पूर्वेकडे वळतो. तुर्कस्तान आणि इराण ओलांडून तो भारतात येतो. सरळ रेषेत मोजलं तरी अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर भरतं.

याचं सर्वमान्य स्पष्टीकरण या जातींच्या इतिहासात आहे. त्यांचं मूळ घर आशियात होतं. वीण करण्याचा प्रदेश हळूहळू पश्चिमेकडे पसरत गेला, पण हिवाळ्यातला मुक्काम बदलला नाही. पूर्वज ज्या वाटेने पसरत गेले, त्याच वाटेने आजचे पक्षी परततात. आफ्रिका जवळ आहे, हे सांगणारं त्यांच्याजवळ काही नाही.

दिशेचं हे ज्ञान किती उपजत असतं, ते डच संशोधक पर्डेक यांच्या 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी हॉलंडमधून स्थलांतर करणाऱ्या सुमारे 11,000 युरोपीय मैना पकडल्या, पायांत कडी अडकवली आणि त्या स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. आधी प्रवास केलेल्या प्रौढ मैनांनी दिशा सुधारली आणि त्या आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे वळल्या. पहिल्याच खेपेला निघालेली पिल्लं मात्र जुन्याच दिशेने उडत राहिली आणि स्पेनपर्यंत भरकटली. पिल्लू दिशा आणि साधारण अंतर घेऊनच जन्माला येतं, ठिकाण ओळखायला ते अनुभवाने शिकतं. भोरडी याच मैनांच्या कुळातली आहे.

तिच्या गुलाबी रंगाचीही एक गंमत आहे. ऑगस्टमध्ये येणाऱ्या थव्यातली तरुण पाखरं मातकट असतात, आणि प्रौढ नरही नवी पिसं आल्यावर मळके दिसतात. गुलाबी आणि काळा रंग तेव्हाही पिसांत असतो, पण पिसांच्या फिकट कडांनी तो झाकलेला असतो. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि सावर, पांगारा फुलतो तेव्हा नर उजळून निघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांतला मध पिणारी भोरडी पाहिली, की पक्षी नवा पोशाख न घालताही रंग कसा पालटतो ते कळतं. काळ्या डोक्याचा भारीटही असाच झिजत झिजत रंगतो.

रे रोडच्या पलीकडे

बाल्कनच्या सहलीतला पाणथळीचा अर्धा भाग मुंबईकराला हार्बर लाइनवर सापडतो. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही लागोपाठची तीन स्टेशनं. रे रोडच्या पूर्वेला दारूखाना, तिथली जहाजतोडणीची यार्डं, लाकडी बंदर, कोळसा बंदर. सुकतीला या बंदरांच्या पायथ्याशी काळा चिखल उघडा पडतो आणि वर घारी, मध्ये कुरव, खाली बगळे अशी मांडणी दिसते. हिवाळ्यात दिसणारे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांतून आलेले असतात. इथून किनारा उत्तरेकडे हाजी बंदराला वळसा घालून शिवडीच्या जेट्टीपर्यंत जातो आणि तिथे चिखलाचा पट्टा रुंदावतो. 1990 च्या दशकापासून हजारोंच्या संख्येने येणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, याच पट्ट्यावर उतरू लागले. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) इथे लोकांना रोहित दाखवायला सुरुवात केली. हातात टेलिस्कोप घेतलेला जाणकार आणि त्याच्याभोवती माणसांचं कडं, हे दृश्य शिवडीच्या जेट्टीला नवं नाही.

इथे दोन जाती मिसळून असतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचा आणि चोचीचं टोक काळं असलेला. छोटा रोहित त्याच्या खांद्याइतका, गडद गुलाबी, चोच काळसर किरमिजी. दोघांचं खाणं वेगळं असतं. मोठा रोहित चिखलातले किडे, कोळंबीसारखे जीव, बिया गाळून घेतो. छोट्याच्या चोचीतली जाळी खूप बारीक असते, त्यामुळे तो मुख्यतः सूक्ष्म शैवालांवर जगतो. दोघंही चोच पाण्यात उलटी धरतात, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढतात आणि बाहेर फेकतात. गाळलेला माल जाळीत अडकतो. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यात भर घातली. रोहित पाय आपटून आणि चोच हलवून पाण्यात छोटे भोवरे तयार करतात आणि त्या भोवऱ्यांत भक्ष्य कोंडतात. शैवालातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांना गुलाबी रंग येतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यं शैवाल वाढवतात आणि त्या शैवालावर रोहित पोसले जातात, ही बाजू मात्र कुणी फारशी मुलांना सांगत नाही.

चिखलाची वाटणी

रोहितांवरून नजर खाली आणली की खरी सहल सुरू होते. चिखल्या दोन पावलं पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड, त्यामुळे वर दिसणारा कीटकच त्याच्या वाट्याला येतो. काळ्या शेपटीचा मालगुजा लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. त्याच्या चोचीच्या टोकात संवेदनशील चेतातंतूंची दाटी असते, त्यामुळे न दिसणारी अळी त्याला स्पर्शाने कळते. बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडून तो ती पकडतो. कोरल त्याहून लांब, खाली वळलेल्या चोचीने खेकड्यांची बिळं चाचपडतो. एकाच चौरस मीटर चिखलात तीन थरांची तीन जेवणं वाढलेली असतात आणि एकाची चोच दुसऱ्याच्या ताटात जात नाही. यातले बरेच पक्षी सायबेरिया आणि मध्य आशियातले. ऑगस्टपासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत चरबी साठवून परत जातात.

त्यांचं घड्याळ समुद्राचं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोळी आणि कोकणातले जुने लोक यासाठी तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. आकडे थोडे मागेपुढे होतात, पण सहल ठरवायला हा हिशोब पुरतो. अष्टमीच्या सुमारास सकाळी सहाला भरलेलं पाणी आठपर्यंत बरंच उतरतं आणि चिखल उघडा पडेल तसे पक्षी जेट्टीजवळ येतात. पौर्णिमेच्या पहाटे पाणी दूर गेलेलं असतं, पक्षी दुर्बिणीतही ठिपक्याएवढे दिसतात. मग नऊनंतर चढती भरती त्यांना किनाऱ्याकडे ढकलते. उधाणाच्या ऐन भरतीला चिखल उरतच नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीला थोडा उरतो.

भरतीला जायचं कुठे?

ऐन भरतीला हजारो पक्षी जातात कुठे, या प्रश्नात ठाणे खाडीच्या संवर्धनाचं मर्म आहे. खाडी ही त्यांची जेवणाची जागा. विश्रांतीला त्यांना उथळ, शांत पाणी लागतं: भांडुपचे तलाव, नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य आणि एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळी. 2015 मध्ये सुमारे 1,690 हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली. 2019 च्या सुमारास बीएनएचएसने केलेल्या मोजणीत रोहितांची संख्या लाखावर गेली होती. पण नेरुळच्या या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत आणि शिवडीचा चिखलही येत नाही. जेवणाची जागा राखली आणि विश्रांतीची भरून टाकली, तर पक्षी दोन्ही सोडतात.

धोके डोळ्यांसमोर आहेत. 12 जानेवारी 2024 ला सुरू झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्याच चिखलावरून निघतो. त्याच वर्षी 20 मे च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि 39 पक्षी मेले. पक्षी रात्री एका पाणथळीवरून दुसरीकडे जातात. त्यांच्या वाटा ठाऊक असल्याशिवाय विमानांच्या, दिव्यांच्या आणि बांधकामांच्या जागा ठरवणं पक्ष्यांना आणि माणसांना, दोघांनाही धोक्याचं आहे. बीएनएचएसने काही रोहितांच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले, ते याच वाटा समजून घेण्यासाठी.

युरोपातल्या सहलींनी एक गोष्ट सिद्ध केली आहे. परदेशी पाहुण्यांच्या पैशामुळे दुरांकुलाकच्या वेताला आणि माजारोवोच्या गिधाडांना स्थानिक किंमत आली. मुंबईकडे याहून स्वस्त आणि मोठं भांडवल आहे. पक्षी पाहायला इथे लोकलचं तिकीट पुरतं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून नौकाही सुटतात.

म्हणून या हिवाळ्यात एक तरी फेरी मारा. कॅलेंडरवर तिथी बघा, पाऊणने गुणा, हार्बर लाइन पकडा. चिखलात उतरू नका, ड्रोन उडवू नका, थवा उडवून फोटो काढणाऱ्याला थांबवा. दिसलेले पक्षी आणि त्यांची संख्या ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवा आणि जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्या. पाणथळ भरायचा प्रस्ताव पुढे येतो तेव्हा तिथे काय होतं, याचा लेखी पुरावा लागतो. तो पुरावा आधीच गोळा करून ठेवणं हे सामान्य माणसाच्या हातातलं काम आहे.