सक्तीची नौसैनिक भरती आणि मॅरिएटची कादंबरी

फ्रेडरिक मॅरिएट (१७९२–१८४८) हा इंग्रजी सागरी कादंबरीच्या आद्य कर्त्यांपैकी एक. 'द चिल्ड्रन ऑफ द न्यू फॉरेस्ट' (१८४७) या उत्तरकालीन कृतीमुळे त्याला बालवाङ्मयाच्या दालनात बसविण्याचा प्रघात पडला. त्याच्या लेखनातील एक गंभीर आशयसूत्र त्यामुळे दुर्लक्षित राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मॅरिएट १८०६ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाला. लॉर्ड कॉक्रेनच्या 'इम्पीरियस' जहाजावर तो घडला. पुढे पहिल्या ब्रह्मी युद्धात त्याने कामगिरी बजावली आणि १८३० मध्ये राजीनामा दिला. पहिली कादंबरी, 'फ्रँक मिल्डमे' (१८२९), नोकरीत असतानाच प्रसिद्ध झाली होती. तिचा उच्छृंखल नायक म्हणजे स्वतः लेखकच, असा वाचकांचा समज झाला. चरित्रात्मक समीक्षेचे धोके समजण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

परंतु खरा प्रश्न निराळा आहे. त्या काळी युद्धप्रसंगी खलाशांना बळाने पकडून जहाजावर नेले जाई. ही वेठच होय. १८२२ मध्ये मॅरिएटने ही पद्धत रद्द करावी म्हणून पुस्तिका लिहिली. तीही सेवेत असताना! आठ वर्षांनी आलेल्या 'द किंग्ज ओन' (१८३०) या कादंबरीचा आरंभ १७९७ च्या नोर येथील बंडाने होतो. सक्तीने भरती झालेला, सुशिक्षित पीटर्स बंडात सामील होतो आणि फासावर जातो. त्याच्या लहानग्या मुलाच्या अंगावर सरकारी मालावर उमटविले जाणारे बाणाचे चिन्ह गोंदले जाते. शीर्षकाचा उगम येथे आहे. माणूस हा राज्याच्या मालकीची वस्तू ठरतो, हे पुस्तिकेतील युक्तिवादाला जे साधले नाही, ते या एका चिन्हाने साधले आहे. कथानक पुढे योगायोगांत विस्कटते, हे मान्य. तथापि ही प्रतिमा पुसली जात नाही.

मात्र यावरून मॅरिएटला समतावादी ठरविणे घाईचे होईल. 'मिस्टर मिडशिपमन ईझी' (१८३६) मध्ये समतेचे तत्त्वज्ञान सांगणारा नायकाचा पिता थट्टेचा विषय आहे. जहाजावरील अधिकारांची उतरंड मॅरिएटला मान्यच होती; खलाशाने तीत स्वेच्छेने पाऊल ठेवावे, एवढीच त्याची मागणी होती.