कंपन्यांचा पैसा व शेतकऱ्यांच्या मुलांचें तंत्रशिक्षण

एखाद्या वर्षीं पीक बुडालें तर शेतकरी पुढल्या मृगाची वाट पाहतो. परंतु जमीनच हातची गेली तर वाट कशाची पाहावी, हा प्रश्न पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढें गेलीं पन्नास वर्षें उभा आहे. ज्या कुटुंबांची जमीन शहरानें, कारखान्यांनीं वा विमानतळानें घेतली, त्यांच्या मुलांच्या हातीं नांगराऐवजीं कोणतें साधन द्यावें, आणि तें देण्याचे कामीं कंपन्या व लोकसेवेच्या संस्था ह्यांचें साहाय्य कसें मिळवावें, ह्याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

पनवेल शहराजवळचें करंजाडे हें गांव ह्या प्रश्नाचें बोलकें उदाहरण होय. दिनांक १७ मार्च १९७० रोजीं सिडको ह्या सरकारी मंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसविण्याकरितां ९५ गांवांच्या जमिनी त्या योजनेखालीं आल्या. भाताचीं खाचरें भरलीं गेलीं व त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. करंजाडे हेंही त्यांतलेंच एक उपनगर झालें. पुढें विमानतळाकरितां दहा वस्त्या उठवाव्या लागल्या, त्यांतील कांहीं कुटुंबांस वडघर व करंजाडे ह्या बाजूस नवीं घरें बांधण्यास जागा मिळाली. ह्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानें सुटूं लागलीं.

जमिनीचा मोबदला ह्या शेतकऱ्यांस सुखासुखीं मिळाला नाहीं. दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारीपणाखालीं मोठा लढा झाला व १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी मरण पावले. त्या लढ्याचें फळ म्हणून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या बाबतींत हें प्रमाण साडेबावीस टक्के ठरलें. परंतु भूखंड हा एकदांच मिळतो. दोन भावांत वाटला कीं तो अर्धा होतो आणि विकला कीं संपतो. शेताप्रमाणें तो दरसाल पिकत नाहीं. म्हणून पुढल्या पिढीस दरसाल पिकणारें असें कांहीं द्यावयाचें तर तें तिच्या हातांतील कसब हेंच होय.

कायदा काय सांगतो

ह्या कामास पैसा कोठून मिळेल? सरकारी शाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर आहेतच. त्यांच्या जोडीस एक नवा ओघ गेल्या कांहीं वर्षांत सुरू झाला आहे. सन २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये वा अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के लोकोपयोगी कामास लावावे, असें हें कलम सांगतें. ह्यासच लोक ‘सीएसआर’ म्हणतात. हिशेब सोपा आहे. एखाद्या कारखान्यास तीन वर्षांत अनुक्रमें ४०, ५० व ६० कोटि नफा झाला, तर सरासरी ५० कोटि व दोन टक्के म्हणजे एक कोटि रुपये झाले. ज्या कंपनीचें काम नुकतेंच सुरू झालें व जिला नफाच नाहीं, तिच्याकडे मात्र ह्या कलमाखालीं मागण्यासारखें कांहीं नसतें.

कोणत्या कामांस हा पैसा चालतो त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचींत आहे. त्यांत शिक्षण व रोजगारास उपयोगी असें व्यवसायशिक्षण स्पष्टपणें घातलें आहे. कंपनी जेथें काम करते त्या परिसरास तिनें प्राधान्य द्यावें, असेंही कलमांत म्हटलें आहे. म्हणजे तळोजें व पाताळगंगा येथील कारखान्यांपाशीं करंजाड्याच्या मुलांची गोष्ट काढणें हें अस्थानीं नव्हे. तथापि कोणा एका गांवास हा पैसा हक्कानें मागतां येत नाहीं. कोणतें काम घ्यावयाचें हें कंपनीचें संचालक मंडळच ठरवितें. म्हणून मागणी नीट मांडणें ह्यावरच सारें अवलंबून आहे.

आणखी चार नियम ध्यानांत ठेवावे. केवळ स्वतःच्या नोकरांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याकरितां केलेला खर्च ह्यांत धरला जात नाहीं. कंपनीच्या ह्या कामावरील कचेरीखर्च एकंदर रकमेच्या पांच टक्क्यांहून अधिक होतां कामा नये. १ एप्रिल २०२१ पासून हें काम दुसऱ्याकडून घेणाऱ्या कंपनीस तें सरकारदप्तरीं नोंदलेल्या संस्थेकडूनच घ्यावें लागतें. ह्या पैशांतून उभारलेली इमारत वा यंत्रसामग्री कंपनीच्या मालकीची राहूं शकत नाहीं. ती नोंदलेली संस्था, लाभ घेणाऱ्यांचे गट किंवा सरकारी संस्था ह्यांच्याच नांवें असावी लागते.

पाबळचा धडा

धनिकांच्या साहाय्यानें यंत्रविद्या शिकविण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या कापडधंद्यास कुशल माणसें हवीं होतीं. गिरणीमालकांच्या मदतीनें १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालें. लोखंडी नांगराच्या कारखान्यानें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांस परिचित झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्याच संस्थेंत कांहीं काळ शिक्षक होते.

परंतु खेड्यांतील मुलांच्या दृष्टीनें अधिक विचार करण्यासारखें उदाहरण पुणें जिल्ह्यांतील पाबळचें आहे. शिरूर तालुक्यांतील ह्या कोरडवाहू गांवीं १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं विज्ञान आश्रम काढला. ते स्वतः हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंतील शास्त्रज्ञ होते. मूल जें हातानें करतें तेंच त्याच्या डोक्यांत राहतें, ह्या विचारावर त्यांनीं शाळेंतील मुलांकरितां एक अभ्यासक्रम आंखला. आठवी ते दहावीच्या मुलांनीं आठवड्यांतून एक दिवस यंत्रकाम, ऊर्जा व परिसर, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशीं चार अंगें प्रत्यक्ष कामांतून शिकावयाचीं. लोखंड जोडणें, वीजजोडणी करणें, माती तपासणें, गुरांस खाद्य किती द्यावें हें काढणें, हीं कामें मुलगे व मुली दोघेंही करतात.

ह्या पद्धतीचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली, शिकविणारा पुष्कळदां गांवांतीलच जाणता कारागीर असतो. दुसरी, मुलांनीं केलेलें काम खरोखर कोणाच्या तरी उपयोगी पडावें लागतें. गांवकऱ्याची माती तपासून दिली, शाळेचें फाटक जोडून दिलें, कीं काम बरें झालें कीं वाईट, हें परीक्षकावांचून कळतें. येथेंच २००२ सालीं अमेरिकेंतील एमआयटी ह्या विद्यापीठाबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकावर आंखलेली वस्तु यंत्रानें घडविण्याची कार्यशाळा, सुरू झाली. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. काम पुढें चालू राहिलें. पुण्याच्या ‘लेंड-अ-हँड इंडिया’ ह्या संस्थेनें हीच पद्धति देणगीदारांच्या मदतीनें आणखी पुष्कळ शाळांत नेली.

पेटींतलें यंत्र आणि हातांतलें यंत्र

आतां दोषाची बाजूही पाहिली पाहिजे. वर्षअखेर जवळ आली कीं खर्च दाखविणें सोपें जावें म्हणून शाळेस पंधरा-वीस संगणक द्यावेत, फीत कापावी, छायाचित्र काढावें व परत जावें, अशी देणगी होण्याचा संभव नेहमींच असतो. वस्तु मोजतां येते. शिकणें मोजावयास वेळ लागतो. मग शिकविणारा नाहीं, विजेचें बिल कोणी भरावें हें ठरलेलें नाहीं, बिघडलेला भाग आणावयास पैसा नाहीं, अशा स्थितींत यंत्र पेटींतच राहतें. विहीर खणली पण मोट, बैल व पाट नाहींत, तर पाणी शेतास पोंचत नाहीं. तसेंच हें आहे.

२०१६ पासून केंद्र सरकारनें शाळांतून काढलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना ह्या बाबतींत पाहण्यासारखी आहे. तींत शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें. त्यांपैकीं १० लाख सामग्रीस व १० लाख पांच वर्षें ती चालविण्यास. सामग्रीइतकाच पैसा चालविण्यास लागतो, हें तत्त्व कंपनीपाशीं मागणी करितांनाही सोडूं नये. आणि कायदा ह्यास आड येत नाहीं. आरंभाचें वर्ष सोडून पुढें तीन वर्षांपर्यंत चालणारें काम कंपनीस हातीं घेतां येतें, आणि त्याकरितां राखलेली रक्कम वर्षअखेर उरली तर ती निराळ्या बँकखात्यांत ठेवून पुढें खर्चितां येते. म्हणजे शिक्षकाचा तीन वर्षांचा पगार मागणें हें पूर्णपणें नियमांत बसतें. हें ठाऊक नसल्यानें पुष्कळ गांवें केवळ वस्तु मागून थांबतात.

सोसायट्यांनीं काय करावें

प्रथम आपल्या गांवांतील १४ ते २५ वयाच्या मुलामुलींची यादी करावी. कोण शाळा सोडून बसलें आहे, कोणास कशाची आवड आहे, हें लिहावें. मुलींचीं नांवें गाळूं नयेत. नंतर आसपास कोणतें काम आहे तें पाहावें. करंजाड्याच्या भोंवतीं उंच इमारती, गोदामें, बंदर व विमानतळ आहेत. तेथें वीजजोडणी, नळकाम, शीतयंत्रांची दुरुस्ती, उद्वाहकांची देखभाल, माल उचलणाऱ्या यंत्रांचें चालन व संगणकावरील मालाची नोंद ह्यांस माणसें लागणारच. ज्या गांवांत शेती अजून आहे तेथें सौरपंप, ठिबकसंच व ट्रॅक्टर ह्यांची दुरुस्ती आधीं घ्यावी.

त्यानंतर काम चालविणारी विश्वासू संस्था शोधावी. पनवेल तालुक्यांत तारा येथें युसुफ मेहेरअली सेंटर शिक्षणाचें व ग्रामोद्योगाचें काम करीत आलें आहे. अशा अनुभवी संस्थेचें काम प्रत्यक्ष पाहून मग बोलणी करावीं. कोणत्याही संस्थेस पांच प्रश्न विचारावे: शिक्षक किती व किती दिवस राहील? विजेचा व दुरुस्तीचा खर्च कोण देईल? प्रमाणपत्र सरकारमान्य आहे काय? मागल्या वर्षीं शिकलेल्यांपैकीं आज किती कामावर आहेत? देणगी थांबल्यावर वर्ग कसा चालेल? ह्यांचीं उत्तरें कागदावर घ्यावीं.

शेवटची गोष्ट उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं, तीस वा अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनेनें एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार विद्यावेतन देऊन घ्यावे लागतात. ही कोणाची देणगी नव्हे. वर्गांत सहा महिने शिकलेल्या मुलास कारखान्यांत उमेदवारी मिळाली, तर तेंच त्याचें खरें शिक्षण होय. म्हणून कंपनीकडे पैसा मागतांनाच उमेदवारीच्या जागाही मागाव्या.

करंजाड्याच्या शेतकऱ्यास विमानाचा आवाज आतां रोज ऐकूं येईल. त्या विमानतळावर त्याचा मुलगा केवळ ओझें उचलण्यास राहणार, कीं तेथील यंत्राचा बिघाड त्याच्या मुलीच्या हातानें दुरुस्त होणार, हें येत्या पांच-सात वर्षांत ठरावयाचें आहे. आपली यादी व आपली मागणी सोसायटीच्या पुढल्या सभेंत तयार व्हावी, कारण कंपन्यांचीं वर्षाचीं अंदाजपत्रकें नव्या आर्थिक वर्षाच्या तोंडीं ठरतात आणि पेरणीची वेळ चुकली कीं वर्ष फुकट जातें, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको.