फुलाची पाकळी आणि इंग्रजी विशेषणं

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे दोन गोष्टी एकदमच घडतात. घराघरांत फराळाचे डबे भरले जातात आणि गावोगाव ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रक-ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाची उचल हाती आलेली असते. तीतून आधीची देणी भागवायची आणि उरलंच काही तर मागं राहणाऱ्या लेकरांसाठी आठवडी बाजारातून काहीबाही घ्यायचं. मी याच जिल्ह्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. या लेखाचा विषय मला अशाच एका दिवाळीनंतर आठवीतल्या एका वहीत सापडला.

'मला मिळालेली भेट' यावर इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या होत्या. बहुतेकांनी 'नाइस गिफ्ट' लिहून सुटका करून घेतली होती. एका मुलीनं मात्र आईनं आपल्याला 'स्मॉल' आणि 'चीप' क्लिप दिली, असं लिहिलं होतं. मी लाल शाईनं 'चीप' खोडलं आणि वर 'नाइस' लिहिलं. ती वही घेऊन परत आली. म्हणाली, "सर, पण माय तर म्हणली होती, साधीच हाय, स्वस्तातली हाय, पुढच्या साली चांगली घेऊ."

तिच्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. शब्दकोशात 'चीप'चा अर्थ स्वस्त असाच दिला आहे. गडबड वेगळीच होती. देणाऱ्याच्या तोंडचं विशेषण घेणाऱ्याच्या तोंडी आलं होतं.

हा भेद आपल्या भाषेत पुरता मुरलेला आहे. आहेर करताना आपण 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतो, 'पानफूल गोड मानून घ्या' म्हणतो. हे देणाऱ्यानंच म्हणायचं. घेणाऱ्यानं 'तुमची पाकळी मिळाली' असं म्हटलं, तर आयुष्यभराचा अबोला. देणारा आपली वस्तू लहान करतो, घेणारा ती मोठी करतो. ही रीत इंग्रजीतही आहे. 'हम्बल' आणि 'मॉडेस्ट' ही विशेषणं देणाऱ्यानं स्वतःच्या भेटीला लावायची. 'हम्बल'च्या मुळाशी लॅटिनमधला जमिनीचा अर्थ आहे, म्हणजे जमिनीलगतचं, खालचं. घेणाऱ्यानं हा शब्द उच्चारला, तर तो अपमान होतो.

'चीप'चं दुखणं आणखी खोल आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ व्यापार, सौदा असा होता. लंडनमधल्या चीपसाइड या जुन्या बाजारपेठेच्या नावात तो अजून शिल्लक आहे. पुढे त्याला कमी किमतीचा आणि मग हलक्या प्रतीचा असा अर्थ चिकटला. 'टॉड्री', म्हणजे भडक आणि हलकं, या शब्दाची गोष्ट तर सरळ जत्रेतली. इंग्लंडमधल्या ईली गावी सेंट ऑड्री या संत स्त्रीच्या नावानं जत्रा भरे. तिथं रेशमी गोफ विकत. कधीकाळी हौसेनं घेतलेल्या त्या गोफांवरूनच हे विशेषण तयार झालं. कपिलधारला कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत बांगड्या-क्लिपांच्या दुकानांपुढे उभ्या असलेल्या मुली पाहिल्या, की मला ही गोष्ट आठवते. शब्दाला हिणकस करणारे त्या दुकानातले गिऱ्हाईक खासच नसणार.

मग घेणाऱ्यानं म्हणायचं काय? इथं मराठी आणि इंग्रजी यांची घडण वेगळी आहे. मराठीत लहानपणात माया मिसळायला प्रत्यय पुरतो. इवलीशी, चिमुकली, सानुली, छोटुकली. नुसतं लिंग बदलून डब्याची डबीही करता येते. इंग्रजीत असे प्रत्यय मोजक्याच शब्दांना लागतात. तिथं हे काम बरंचसं 'लिटल' करतं. 'स्मॉल' फक्त माप सांगतं. 'लिटल'मध्ये मापाबरोबर बोलणाऱ्याचं मनही येऊ शकतं. 'स्मॉल क्लिप' म्हणजे लहान क्लिप, तर 'लव्हली लिटल क्लिप' म्हणजे इवलीशी, गोड क्लिप. यात क्रमही महत्त्वाचा. आवड सांगणारं विशेषण आधी, आकाराचं नंतर. मराठीत 'छान इवलीशी' आणि 'इवलीशी छान' दोन्ही चालतं, म्हणून आपली मुलं इथं हमखास अडखळतात.

दुसरी अडचण किमतीच्या शब्दांची. 'लेस' लागलं की अभाव, असं आपण शिकवतो. म्हणून मुलं 'प्राइसलेस' म्हणजे बिनकिमतीचं, फुकटचं समजतात. प्रत्यक्षात तो आपला 'अमोल'. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे आपलं 'अमूल्य'. 'वर्थलेस' तेवढं खरोखर कवडीमोल. अमोल नावाची दोन पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना उभं करून हा धडा शिकवला, की पुन्हा कोणी विसरत नाही.

तिसरा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'डेन्टी' म्हणजे नाजूक, सुबक. हा शब्द वस्तूबद्दल बोलतो. 'चेरिश्ड' म्हणजे जिवापाड जपलेलं. तो घेणाऱ्याबद्दल बोलतो. 'थॉटफुल' मात्र भेटीला लागूनही देणाऱ्याबद्दल बोलतो. याला मराठीत एका शब्दाचं विशेषण शोधत मी बराच काळ घालवला. 'विचारपूर्वक' हा शब्द सरकारी पत्रासारखा वाटतो. खरा प्रतिशब्द आपल्या घरात रोज बोलला जातो, तो म्हणजे 'आठवणीनं आणलेली'. जे इंग्रजी विशेषणातून सांगते, ते मराठी क्रियापदातून सांगते, एवढाच फरक.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलांना शब्द कमी पडतात, हे खरं. पण शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्यानं तो कमीपणा भरत नाही, कारण यादीतला शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, हे यादी सांगत नाही. ते मुलांना आधीच ठाऊक असतं, फक्त मराठीत. आईनं 'साधीच हाय' म्हटल्यावर 'नाही, लई भारी हाय' म्हणायचं असतं, हे त्या मुलीला मी शिकवायची गरज नव्हती. तिच्या मराठीतून इंग्रजीकडे जाणारी वाट मात्र दाखवायला हवी होती. त्याऐवजी मी 'नाइस' लिहून मोकळा झालो होतो. हा 'नाइस' मूळच्या लॅटिनमध्ये अडाणी अशा अर्थाचा होता, हे मला पुढं कळलं. त्या लाल शाईला तो अर्थ शोभला असता.

दुसऱ्या दिवशी मी तिला 'लव्हली लिटल' आणि 'थॉटफुल' हे शब्द सांगितले. 'आठवणीनं आणलेली' हा अर्थही सांगितला. तिनं वाक्य नव्यानं लिहिलं आणि विचारलं, "सर, हे थॉटफुल मायला पण लावता येतं का?"

येतं, असं मी सांगितलं. तिची आई तेव्हा कारखान्याच्या फडात होती. तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली. त्या ओळीवर मी लाल पेन चालवला नाही.