अनुभाव आणि अनिश्चितता : रस्त्यावरील छायाचित्राच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या फाटकापाशी पाळी सुटण्याच्या वेळी घेतलेले एक छायाचित्र कल्पावे. सायकलींची दाटी बाहेर पडते आहे. कडेला एक मध्यमवयीन स्त्री उभी आहे. पदराचे टोक तिने तोंडाशी धरले आहे, डोळे ओलसर आहेत आणि नजर चौकटीबाहेरच्या कशावर तरी खिळलेली आहे. आपले चित्र घेतले जात आहे याची तिला जाणीव नाही. चित्राखाली काहीच लिहिलेले नसेल तर पाहणारा तिच्या मुद्रेत प्रतीक्षा पाहील. ‘१० ऑक्टोबर २०१८’ एवढीच तारीख लिहिली तर भिलाईची माहिती असलेल्यास तेथे शोक दिसेल. कारण आदल्याच दिवशी कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीच्या दुर्घटनेत कामगारांचे बळी गेले होते. तारीख ‘४ फेब्रुवारी १९५९’ अशी असेल तर तोच चेहरा अभिमानाने गहिवरलेला वाटेल. त्या दिवशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले होते. चेहऱ्यात काडीचाही फरक पडलेला नसताना भाव मात्र तीन झाले. हे कसे घडते, आणि यांतील कोणता अर्थ ग्राह्य धरावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

ज्याला ‘कँडिड’ म्हणतात त्या छायाचित्राला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘बेसावध क्षणी टिपलेले’ असे त्याचे वर्णन करता येईल. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या ग्रंथाने या प्रकाराला सौंदर्यशास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र बेसावधपणा म्हणजे रचनेचा अभाव नव्हे. कोठे उभे राहावे, चौकटीत काय घ्यावे आणि कळ केव्हा दाबावी, ही निवड छायाचित्रकारच करतो. शिवाय बेसावधपणा हाही अनेकदा पाहणाऱ्याने गृहीत धरलेला अर्थ असतो. रोबेर दुआनो यांचे पॅरिसच्या रस्त्यावरील चुंबनाचे १९५० सालचे चित्र उत्स्फूर्त प्रेमाचे प्रतीक म्हणून जगभर गाजले. त्यातील युगुलाला त्यासाठी मुद्दाम उभे केले होते, हे १९९० नंतरच्या दशकात न्यायालयीन वादाच्या निमित्ताने उघड झाले. चित्र तेच राहिले. त्याचा पुरावा म्हणून असलेला अधिकार तेवढा ओसरला.

या प्रश्नाची मांडणी करण्यासाठी भारतीय काव्यशास्त्राकडे चांगली साधने आहेत. रसविचारात भावाची प्रतीती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने होते. विभाव हे कारण, अनुभाव हे शरीरावर उमटणारे कार्य. यांपैकी एकेक घटक सुटा घेतला तर तो अनैकान्तिक, म्हणजे एकाच भावाशी बांधलेला नसलेला, ठरतो, हे मम्मटाने स्पष्ट केले आहे. वाघ हा भयाचा विभाव आहे, तसाच उत्साहाचा आणि विस्मयाचाही. अश्रू हे शोकाचे अनुभाव आहेत, तसे प्रेमाचे आणि भयाचेही. नाट्यशास्त्रात अश्रूंची जी कारणे दिली आहेत, त्यांत आनंद, क्रोध, भय आणि शोक यांच्या जोडीला धूर, अंजन, जांभई, थंडी आणि रोग यांचाही समावेश आहे. पोलादनगरीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या स्त्रीच्या बाबतीत या यादीतील ‘धूर’ विसरून चालणार नाही.

रस्त्यावरील छायाचित्राचा स्वभाव आता नेमका सांगता येईल. ते अनुभाव टिपते आणि विभाव चौकटीबाहेर ठेवते. नाटकात प्रेक्षकाला आधीचा प्रसंग ठाऊक असतो, पुढचा कळणार असतो. छायाचित्रात आधी आणि नंतर दोन्ही छाटलेले असतात. व्यंग्यार्थ कशाच्या आधारे कळतो हे सांगताना मम्मटाने वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसंनिधी, प्रस्ताव, देश आणि काल अशी अंगे मोजली आहेत. यांतील वक्ता, वाक्य आणि काकू मूक चित्रात नाहीतच. अन्यसंनिधी, म्हणजे जवळपास कोण आहे, ती तेवढी दिसते. देश-काल खुणांवरून अंशतः ओळखता येतात. प्रस्ताव, म्हणजे प्रकरण, मात्र बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणण्याचे काम चित्राखालची ओळ करते. सोव्हिएत चित्रपटदिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांच्या १९२० च्या सुमाराच्या सुप्रसिद्ध प्रयोगाचे मर्म हेच आहे. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्यालगत निरनिराळी दृश्ये जोडली असता प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर निरनिराळे भाव दिसले, असे त्याचे निवेदन आहे. ज्याला आपण चेहऱ्यावरचा भाव म्हणतो तो बव्हंशी शेजारच्या दृश्याचा असतो.

भिलाईच्याच परिसरातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. गनियारी गावच्या आणि काही काळ या कारखान्याच्या सेवेत असलेल्या तीजनबाई यांनी पंडवानीची कापालिक शैली, म्हणजे उभ्याने अभिनयासह सादर करावयाची पद्धती, देशविदेशांत पोहोचविली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातील तंबुरा घटकेत भीमाची गदा होतो, घटकेत अर्जुनाचे धनुष्य, तर घटकेत द्रौपदीचे केस. उंचावलेल्या तंबुऱ्यासह त्यांचे एखादे स्थिरचित्र पाहिले तर तो आवेश कोणाचा, भीमाच्या संतापाचा की द्रौपदीच्या अपमानाचा, हे केवळ चित्रावरून ठरविता येणार नाही. प्रयोगात मात्र ही शंका उद्भवत नाही. कथन आणि रागीचा हुंकार प्रत्येक वेळी प्रकरण निश्चित करीत असतात. खुणेची बहुअर्थता ही कलेची श्रीमंती आणि प्रकरणाचा अभाव ही माहितीची उणीव, हा भेद येथे स्पष्ट होतो.

समीक्षकाने हा भेद पाळावयास हवा. विल्यम एम्पसन यांनी १९३० साली काव्यातील अनेकार्थतेचे सात प्रकार सांगितले. छायाचित्रापुरते तीन पुरेसे आहेत. पहिली संदिग्धता : भाव एकच आहे, परंतु आपल्याला तो कळावयास आधार नाही. दुसरी अनेकार्थता : चित्राची रचनाच दोन अर्थ एकत्र नांदवते, उदाहरणार्थ, सुटणाऱ्या पाळीची गती आणि त्या स्त्रीची स्थिरता. तिसरा प्रकार प्रत्यक्ष भावाच्याच मिश्रणाचा. काव्यशास्त्रातील भावसंधी आणि भावशबलता या संज्ञा त्यासाठीच आहेत. धनी सुखरूप दिसल्याचा दिलासा आणि तोवर वाटलेली भीती एकाच क्षणी चेहऱ्यावर असू शकतात. पहिल्या प्रकाराला चौकशी हवी, दुसऱ्याला रसिकता आणि तिसऱ्याला संयम. पहिल्याला दुसरा समजून ‘गूढरम्य’ म्हणणे ही समीक्षेची नेहमीची चूक आहे.

ही चूक निरुपद्रवी नसते. काव्यातील नायिका समीक्षकाला उत्तर देत नाही. छायाचित्रातील स्त्री देऊ शकते. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो येथे घेतलेले स्थलांतरित मातेचे चित्र अमेरिकेतील महामंदीचे मुखचित्र झाले. त्या मातेचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला १९७८ साली कळले; आणि ते चित्र घेतले गेले नसते तर बरे झाले असते, अशी तिची भावना होती. करुणरसाचे ते आलंबन होते. त्या आलंबनालाही स्वतःचे म्हणणे होते. भिलाईसारख्या नगराविषयी दोन कथा आधीच तयार असतात : एक १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या नवभारताची, दुसरी श्रमाच्या शोषणाची. दोन्हींना आधार आहे. परंतु फाटकाशी उभ्या असलेल्या स्त्रीला यांपैकी एका कथेचे चित्रण करून टाकले की ती पाहिली जात नाही, वापरली जाते. छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, मराठी अशा अनेक प्रांतींच्या कुटुंबांच्या या वसाहतीत पदर तोंडाशी धरण्याचा अर्थही घरागणिक बदलेल. कोठे ती मर्यादा, कोठे हुंदका, कोठे नुसता धुळीपासून बचाव.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात काव्यानंदाचे वर्णन ‘सविकल्प समाधी’ असे केले. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, परंतु आपले आपलेपण विसरत नाही. छायाचित्राच्या वाचकाला हा ‘सविकल्प’ शब्द अधिक लागू आहे. समाधी लागावी, परंतु दिसलेला शोक त्या स्त्रीचा किती आणि आपण वाचलेल्या तारखेचा किती, हा विकल्प जागा राहावा. म्हणून छायाचित्राविषयी लिहिताना ‘ती शोकाकुल आहे’ यापेक्षा ‘तिचे डोळे ओलसर दिसतात’ हे विधान अधिक प्रामाणिक. त्यापुढचा अर्थ सांगावयास हरकत नाही. मात्र तो कोणत्या प्रकरणाच्या आधारे सांगितला, हेही सोबत सांगितले पाहिजे. आधार मिळाला नाही तर ती कशाकडे पाहत होती हे अनुत्तरित ठेवावे. कारण ते उत्तर देण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.