गाण्यातली फुलं: आपला पारिजात, त्यांचं सूर्यफूल

जपानी पॉप गाण्यांत ‘हिमावारी’ म्हणजे सूर्यफूल हे शीर्षक पुनःपुन्हा येतं. माएकावा कियोशी यांचं २००२ मधलं, ‘मिस्टर चिल्ड्रन’ या बँडचं २०१७ मधलं. २०१४ च्या डोरेमॉन सिनेमातलं हाता मोतोहिरो यांचं गाणं तर तुमच्या नातवंडांनीही ऐकलेलं असेल. त्याच्याही नावात सूर्यफूल आहेच. मराठीत मात्र हे फूल गाण्याच्या नावात सहसा सापडत नाही. का बरं?

परकं झाड, तेलबियांचं पीक म्हणून १९७० च्या सुमारास आपल्या शेतांत आलं, असं म्हणाल. पण गुलमोहर तरी कुठला इथला? तो मादागास्करचा, आणि आपल्या कवितेत किती आरामात नांदतोय!

मला वाटतं, कारण वासात आहे. ज्ञानेश्वरांचा मोगरा घ्या, कवी बींचा चाफा घ्या. आपल्या गाण्यातलं फूल बहुधा गजऱ्यात, ओंजळीत, देव्हाऱ्यात जाणारं. शिवाय त्याच्यामागे गोष्ट असते. गदिमांचं, माणिक वर्मांनी गायलेलं पारिजाताचं गाणं आठवा. झाड सत्यभामेच्या दारी आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा श्रोत्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे फुलाचं नुसतं नाव घेतलं की सवतीमत्सर हजर! कवीला वेगळं काही समजावून द्यावं लागत नाही. आणि सूर्याकडे बघत राहण्याचं काम म्हणाल, तर ते संस्कृत काव्यापासून कमळाकडे आहे. म्हणजे जागा भरलेली.

जपानीत ‘हि’ म्हणजे सूर्य, ‘मावारी’ म्हणजे फिरणं. हायकूत हे फूल उन्हाळ्याची खूण आहे. आणि उन्हाळा आला म्हणजे तो संपणारही आलाच. म्हणून या पिवळ्याधमक फुलाच्या गाण्यांत बरेचदा निरोप दडलेला असतो. ‘मिस्टर चिल्ड्रन’चं गाणं ज्या सिनेमासाठी झालं, त्याची नायिका असाध्य आजारानं ग्रासलेली आहे.

आता एकनिष्ठेचं बघू. सूर्यामागे वळतं ते कोवळं झाड. दिवसा त्याच्या खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकत जातो, रात्री उलट. फूल पुरतं उमललं की ही वाढ थांबते आणि ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं. म्हणजे निष्ठेचं उदाहरण म्हणून आपण ज्या फुलाकडे बोट दाखवतो, त्यानं वळणं केव्हाच सोडलेलं असतं! सोलापूर-लातूरकडे एखाद्या फुललेल्या शेताच्या बांधावर संध्याकाळी उभे राहा. सगळं शेत मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभं दिसेल.

हं, आता तुमचे प्रश्न घेऊ या.