मुलाचा गुडघा दुखतोय? मग खुबाही तपासून घ्या

मूल म्हणतं, "गुडघा दुखतोय." आपण बाम चोळतो, एक्स-रेही गुडघ्याचाच काढतो. तो नॉर्मल येतो, पण लंगडणं काही थांबत नाही.

अशा वेळी दुखणं खुब्याचं असू शकतं. खुब्याच्या काही नसा गुडघ्याकडेही जातात, त्यामुळे दुखतं खुब्यात आणि जाणवतं गुडघ्यात. नेमका आजार कोणता, याचा पहिला अंदाज वयावरून येतो.

तान्ह्या बाळात काय बघायचं?

काही बाळांच्या मांडीच्या हाडाचा गोल खुब्याच्या वाटीत नीट बसलेला नसतो. बाळाला दुखत नाही, म्हणून कळत नाही. लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकते का, एक पाय आखूड दिसतो का, ते बघा. पायाळू बाळं, मुली आणि घरात आधी कुणाला हा त्रास असेल तर धोका जास्त. पहिल्या सहा महिन्यांत कळलं तर बहुतेकदा पट्ट्यांच्या उपचाराने भागतं. उशीर झाला की ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधू नका. कडेवर घेणं मात्र चांगलं, त्यात मांड्या फाकलेल्या राहतात.

४ ते ८ वर्षं

खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा कमी होतो. हा पर्थेस आजार. मुलग्यांमध्ये जास्त. खेळल्यावर लंगडणं वाढतं.

१० ते १६ वर्षं

वाढीच्या जागेवरून गोल घसरतो. वजन जास्त असलेल्या मुलांना धोका अधिक. पाय बाहेर वळवून चालत असेल तर चालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थांबायचं नाही असं लक्षण कोणतं?

ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही. सांध्यात पू झालेला असू शकतो. तडक हॉस्पिटलमध्ये न्या.

नाशिककरांनी कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात. जन्मजात निखळलेला खुबा या तपासणीच्या यादीत आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. अंगणवाडी सेविकेला विचारा किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जा.

डॉक्टरांना एवढं नक्की सांगा: "गुडघ्यासोबत खुबाही बघा."