जुन्या पिकअप गाडीची नवी वायरजोडणी

पुष्कळ शेतकरी कुटुंबांत गोठ्याच्या बाजूस एखादी जुनी पिकअप उभी असलेली आढळते. एके काळी याच गाडीतून भाजीच्या पाट्या बाजारात जात, खताची पोती घरी येत आणि प्रसंगी आजारी माणूस रात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचत असे. पुढे कधी दिवे मंद झाले, कधी सेल्फ फिरेनासा झाला. ठिकठिकाणी वायरीचे तुकडे जोडून काही दिवस काम भागविले गेले आणि अखेर गाडी थांबली ती थांबलीच. मग ती भंगारात काढावी, की तिच्यावर खर्च करावा, असा प्रश्न घरात उभा राहतो.

हा प्रश्न घाईने सोडवू नये. डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेमुळे पेटते. त्यास ठिणगीची आवश्यकता नसते. म्हणूनच वायरी कुजल्या तरी इंजिन शाबूत असण्याचा संभव पुष्कळ असतो. इंजिनाची उष्णता, तेल, रस्त्याचे हादरे आणि उंदीर हे वायरीचे चार शत्रू होत. वरचे आवरण तडकले, की उघडी तार पत्र्यास टेकते आणि आग लागण्याचे भय निर्माण होते. अशा गाडीस आणखी एक जोड देणे म्हणजे संकट लांबणीवर टाकणे होय. सर्व वायरी क्रमाक्रमाने नव्या घालणे हाच खरा उपाय आहे.

आधी पारख

खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. इंजिन हाताने अथवा ढकलून मोकळे फिरते काय, चासीस गंजून पोखरलेली तर नाही ना, आणि नोंदणीची कागदपत्रे कोणत्या स्थितीत आहेत? मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतन करावी लागते व मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते. याविषयी परिवहन कार्यालयात आधीच चौकशी केलेली बरी.

तद्वतच गाडीचा व्होल्टही पाहावा. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांत ६ व्होल्टची रचना होती. नंतरच्या गाड्यांत सर्वसाधारणपणे १२ व्होल्टची असते. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीसला जोडलेले आढळते. हे न पाहता बॅटरी उलटी जोडल्यास अल्टरनेटर तत्काळ निकामी होतो.

परतीची वाट

बॅटरीतून वीज वायरीने दिव्यापर्यंत जाते, परंतु परत येते ती पत्र्यातून व चासीसमधून. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. विहिरीवरील पाटाचे तोंड मोकळे असले तरी पुढे पाट तुंबल्यास पाणी वाहत नाही. विजेचेही तसेच आहे. अर्थच्या जागी गंज अथवा रंगाचा थर असला, की नवी बॅटरी घालूनही सेल्फ नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. अनेक चांगले सेल्फ व चांगल्या बॅटऱ्या याच कारणाने विनाकारण बदलल्या जातात.

यास्तव बॅटरी ते चासीस आणि चासीस ते इंजिन अशा दोन जाड पट्ट्या नव्या घालाव्यात व त्यांच्या जागा घासून लख्ख कराव्यात. परीक्षा सोपी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला व दुसरे इंजिनाच्या अंगाला लावून सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखवीत असल्यास ती वाट अजून तुंबलेली आहे, असे समजावे.

वायर आणि फ्यूज यांचे गणित

दिव्याच्या वॉटला व्होल्टने भागले, की अँपिअर मिळतात. पुढील दोन दिवे प्रत्येकी ६० वॉटचे असल्यास १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर वीज वाहील. त्यास अडीच चौरस मिलिमीटरची वायर व १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो, हे ध्यानी ठेवावे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे आहे.

वायर अनेक बारीक तारांची, मोटारीसाठी बनविलेलीच घ्यावी. एकाच जाड तारेची वायर हादऱ्यांनी आतून तुटते. पुढील दिव्यांस रिले बसविल्यास सर्व भार चावीजवळच्या बटनावर येत नाही आणि प्रकाशही वाढतो. सेल्फच्या जाड केबलवर बहुधा फ्यूज नसतो. म्हणून ती कोठेही घासणार नाही याची विशेष दक्षता घ्यावी.

कामाचा क्रम

प्रथम बॅटरीचे जे टोक चासीसला जोडलेले असेल ते सोडावे. काम संपल्यावर तेच सर्वांत शेवटी जोडावे. जुनी वायर उपटण्यापूर्वी प्रत्येक टोकास चिठ्ठी बांधावी आणि कोणती वायर कोठून कोठे जाते, याचा आराखडा वहीत काढावा. नंतर एकेक मार्ग पुरा करावा: आधी सेल्फ व चार्जिंग, मग पुढील दिवे, त्यानंतर मागील व ब्रेकचे दिवे, शेवटी इंडिकेटर व हॉर्न. प्रत्येक मार्गास निराळा रंग ठेवावा. टोके पिळून टेप न गुंडाळता लग घट्ट दाबून बसवावेत. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी कडी घालावी, वायरींवर प्लास्टिकची नळी चढवावी व त्या सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात.

शेवटची परीक्षा

सर्व बटने बंद ठेवून बॅटरीचे अर्थ टोक व त्याची केबल यांच्यामध्ये एक २१ वॉटचा दिवा जोडावा. दिवा लख्ख पेटला, तर कोठेतरी वायर पत्र्यास टेकली आहे. दोष शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये. दिवा न पेटल्यास तो काढून केबल जोडावी आणि मगच सेल्फ मारावा. भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी हे काम गावातील वायरमन, गॅरेजचा मिस्त्री व शेतकरी यांना एकत्र बसवून करून दाखविल्यास त्याचा लाभ अनेक घरांस होईल. आराखड्याची वही मात्र गाडीतच ठेवावी. पुढे रात्री आडवाटेवर दिवा विझला, तर घरातील कोणासही दोष कोठे शोधावा हे त्या वहीवरून कळेल आणि गाडी पुन्हा गोठ्याशेजारी उभी राहण्याची वेळ येणार नाही.